भिंत तुमची, खांब कुणाचा? नागपुरातल्या फ्लेक्स-होर्डिंगचे नियम

नागपुरात फ्लेक्सचा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. "आपल्याच घराची भिंत आहे, कोण काय म्हणणार?" "सणाचा बोर्ड आहे जी, दोनच दिवसांसाठी लावला." आणि तिसरं, जरा खालच्या आवाजातलं: "भाऊंच्या वाढदिवसाचा आहे, काढणार कोण?" पहिली दोन वाक्यं कायद्याच्या हिशेबाने सपशेल चूक आहेत. तिसऱ्या वाक्यात कायद्याचा संबंध नाही, पण व्हरायटी चौकापासून सक्करदऱ्यापर्यंत रोज दुचाकी चालवणाऱ्याला ते खोटं म्हणता येणार नाही. हा लेख मुख्यतः पहिल्या दोन वाक्यांसाठी आहे. तिसऱ्याकडेही येऊ, कारण त्याचंही उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. फक्त ते वापरलं जात नाही.

सुरुवात सगळ्यात कोरड्या भागापासून करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नागपूर महानगरपालिकेचा बराच काळ स्वतःचा वेगळा कायदा होता, 1948 चा. राज्यातल्या इतर बहुतेक महानगरपालिका 1949 च्या कायद्याखाली आणि आपण आपल्या कायद्याखाली, असं अनेक दशकं चाललं. 2012 मध्ये नागपूरचा तो कायदा रद्द झाला आणि आता आपल्यालाही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू आहे. त्यातली दोन कलमं आपल्या कामाची: 244 आणि 245. पहिलं आकाशचिन्हांबद्दल, म्हणजे सांगाड्यावर उभारलेल्या आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांबद्दल, दुसरं बाकी जाहिरातींबद्दल. या कलमांखाली राज्य सरकारने 2022 मध्ये महानगरपालिकांसाठी नवे सविस्तर नियम आणले. याशिवाय एक स्वतंत्र कायदा आहे, मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखण्याचा, 1995 चा. पहिला कायदा परवानगीचा हिशेब ठेवतो, दुसरा थेट गुन्हा ठरवतो. एकाच फ्लेक्सला दोन्ही लागू होऊ शकतात.

परवानगीच्या कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून दिसेल अशी जाहिरात आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय लावायची नाही. भिंत कुणाची, हा प्रश्न इथे पहिला येतच नाही. पहिला प्रश्न आहे ती दिसते कुठून. तुमच्या घराची कंपाउंड वॉल तुमची असली तरी तिचं बाहेरचं तोंड रस्त्याकडे आहे. त्यावर क्लासवाल्यांना पोस्टर रंगवू दिलं, तुम्ही त्यांच्याकडून महिन्याला पैसे घेता की फुकट देता याने काही फरक पडत नाही, तरी ती जाहिरातच होते आणि तिला परवानगी लागते.

आता अपवाद. दुकानदारांचे बहुतेक प्रश्न इथेच असतात, म्हणून इथे थोडं थांबू.

तुमच्या दुकानात चालणाऱ्या धंद्याची त्याच दुकानावर लावलेली पाटी या परवानगीच्या कचाट्यातून सुटते. इतवारीत तुमचं धान्याचं दुकान आहे आणि दारावर "अमुक ट्रेडर्स, डाळी व कडधान्ये" असा बोर्ड आहे, तर तो त्या जागेतल्या व्यवसायाबद्दल आहे. घराचं नाव, मालकाचं नाव, डॉक्टरांची वा वकिलांची पाटी, हेही तसंच. "घर भाड्याने देणे आहे" किंवा "प्लॉट विकणे आहे" ही पाटी त्याच घरावर, त्याच प्लॉटवर असेल तर चालते. खिडकीच्या काचेच्या आत लावलेली जाहिरातही चालते.

पण याच अपवादांच्या कडा लोक विसरतात. प्लॉटची पाटी प्लॉटवर चालते, प्लॉटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बाण काढून लावलेली चालत नाही. मनीषनगर, बेसा, हुडकेश्वरकडे जाताना प्रत्येक वळणावर ले-आउटवाल्यांचे जे पिवळे-निळे बाण दिसतात, ते सगळे या अपवादाच्या बाहेर. दुकानाची पाटी दुकानावर चालते, पण तीच समोरच्या फुटपाथवर लोखंडी स्टँड करून ठेवली की मामला बदलतो. आणि तोच बोर्ड गच्चीवर नेऊन, सांगाडा उभारून, आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसेल असा लावला, तर तो आकाशचिन्ह होतो. आकाशचिन्हाला तुमचाच धंदा असल्याची सवलत मिळत नाही. त्याला परवानगी लागतेच, तीही एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची. मुदत संपली की तो अनधिकृत. दहा वर्षांपूर्वी बाबांनी परवानगी काढली होती, हे उत्तर चालत नाही.

सगळ्यात घोळाचा प्रकार म्हणजे कंपनीने फुकट करून दिलेला बोर्ड. किराणा दुकानाचं नाव कोपऱ्यात बोटभर आणि उरलेल्या सगळ्या जागेत थंड पेयाची बाटली किंवा मोबाइल कंपनीचं चिन्ह. दुकानदाराला वाटतं बोर्ड फुकट मिळाला. त्या बोर्डावर नेमका कुणाचा धंदा आहे, असा प्रश्न महापालिकेच्या माणसाने विचारला तर मात्र उत्तर अवघड होतं. माझ्या मते असा बोर्ड घेताना कंपनीच्या माणसाकडून एक ओळ लिहून घ्यावी की परवानगी आणि शुल्क त्यांच्याकडे. तो कुरकुर करील. करू द्या.

पाटीबद्दल एक नियम वेगळ्याच कायद्यातून येतो, तो जाता जाता: नाव मराठीत, देवनागरीत, ठळक आणि दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नसलेलं हवं. हा दुकाने व आस्थापनांच्या कायद्यातला भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, तीही केव्हाच संपली.

आता 1995 च्या कायद्याकडे. हा कायदा छोटा आहे, पाच मिनिटांत वाचून होतो, आणि त्याचा आवाका मात्र मोठा आहे. लोकांना दिसेल अशा जागेत तो इमारत, स्मारक, पुतळा, खांब, भिंत, कुंपण आणि झाडसुद्धा धरतो. त्यातली खाजगी मालमत्ताही त्यात येते. विद्रूपीकरण म्हणजे केवळ शाई फासणं नव्हे. जागेचं रूप बिघडवणं, नुकसान करणं, सगळं त्यात आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात, न्यायालयाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही.

या कायद्यातली सर्वांत उपयोगाची तरतूद "कुणाच्या फायद्यासाठी" ही आहे. पोस्टर चिकटवणारा पोरगा रात्री दोन वाजता खळ घेऊन येतो आणि सकाळी कुठे असतो कुणालाच ठाऊक नसतं. कायद्याला हे माहीत आहे. म्हणून तो म्हणतो, ज्याच्या फायद्यासाठी हे केलं गेलं तोही दोषी धरला जाईल, आणि कंपनी वा संस्था असेल तर तिचे अध्यक्ष, संचालक, भागीदारही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपली संमती नव्हती, हे त्याने स्वतः सिद्ध करायचं. "कार्यकर्त्यांनी प्रेमाने लावला, मला कल्पना नव्हती" हे म्हणणं सोपं आहे, पण ते शाबीत करण्याचं ओझं म्हणणाऱ्यावर आहे. फोटो तुमचा, नाव तुमचं, खाली शुभेच्छुकांच्या बारा गोल फोटोंची रांग, प्रत्येकाखाली प्रभागाचा क्रमांक. आरोपींची यादी फोटोसकट पुराव्यावरच छापून मिळणारा दुसरा गुन्हा मला तरी आठवत नाही.

मग तरी कारवाई का होत नाही? एक कारण उघड आहे, त्यावर शाई खर्च करायला नको. दुसरं कारण आकड्यांत आहे. 2000 रुपयांची कमाल मर्यादा 1995 मध्ये ठरली. तेव्हा भिंती रंगवणारे पेंटर होते, एक भिंत रंगवायला दिवस जायचा. आज फ्लेक्सच्या दुकानात जा, मोबाइलवरून डिझाइन पाठवा, चहा पिऊन होईपर्यंत छापून तयार. दुकानदार फक्त एवढंच विचारतो, "रिंगा मारून देऊ की फ्रेम करून पाहिजे?" चौकातल्या जागेसाठी रीतसर परवानगी काढून शुल्क भरण्यापेक्षा न विचारता लावणं स्वस्त पडतं, आणि दंड झालाच तर तो जाहिरातीच्या खर्चात खपून जातो. शिवाय महापालिकेचं पथक येतं, फ्लेक्स उतरवतं, गाडीत टाकतं आणि जातं. काढणं हे काम झालं. गुन्हा नोंदवणं, साक्षीपुरावा, तारखा, हे दुसरं काम. पहिलं दिसतं, त्याचा फोटो पेपरात येतो. दुसरं कुणी करायचं यावर गाडी अडते. मुळात फ्लेक्स निघतो तोवर त्याचा वाढदिवस होऊनही गेलेला असतो.

उच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी निकाल दिला, आणि तो राज्यातल्या सगळ्या महानगरपालिकांना लागू आहे, नागपूरसह. वॉर्डनिहाय जबाबदार अधिकारी नेमा, तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक ठेवा, फलक काढायला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना पोलिस संरक्षण द्या, नुसते काढू नका तर गुन्हेही नोंदवा, अशा त्या सूचना आहेत. पोलिस संरक्षणाचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. पण शिडीवर चढलेल्या कंत्राटी कामगाराला खालून वीस जणांनी घेरलं की काय होतं ते पाहिलेल्याला तो किरकोळ वाटणार नाही. राजकीय पक्षांनीही न्यायालयात हमी दिली होती की आमचे कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने त्याच पक्षांना नोटिसा काढून विचारलं की हमी मोडल्याबद्दल अवमानाची कारवाई का करू नये. हमीचा कागद आणि चौक यांच्यात किती अंतर आहे, ते यावरून कळावं.

आता खांबाकडे. हा विषय नागपुरात खास गुंतागुंतीचा आहे, कारण इथे एकाच चौकात चार मालक असतात. पथदिव्याचा खांब महापालिकेचा. त्याच्या शेजारचा तारा वाहणारा खांब महावितरणचा. वरून जाणाऱ्या मेट्रोचा पिलर महामेट्रोचा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, जसा वर्धा रोड, तर महामार्गवाले आले. शहराच्या काही भागांत जागा नागपूर सुधार प्रन्यासची असते, म्हणजे आपल्या बोलीतली नासुप्र. अजनी किंवा स्टेशनजवळ रेल्वे. लावणारा हे काहीच बघत नाही. त्याला उंची आणि सिग्नलला थांबणारी गर्दी दिसते. तक्रार करणाऱ्याला मात्र हे बघावं लागतं, नाहीतर "हा खांब आमचा नाही" हे उत्तर ठरलेलं. मेट्रोचं उदाहरण घ्या. तिचा स्वतःचा केंद्रीय कायदा आहे, 2002 चा, आणि मेट्रोच्या आवारात अधिकाराशिवाय पोस्टर चिकटवायला त्यात मनाई आहे. पिलरवर चिकटवलेल्या नोकरीच्या जाहिरातीसाठी महापालिकेला फोन करून थांबू नका, महामेट्रोलाही कळवा.

विजेच्या खांबावर फ्लेक्स बांधण्यात कायद्याच्याही आधी जिवाचा प्रश्न आहे. बांधायला लोखंडी बाइंडिंग तार वापरतात, आणि फ्लेक्स निघाला तरी तार तिथेच लोंबकळत राहते. शंकरनगर चौकाच्या आसपास कुठल्याही जुन्या खांबाकडे नीट पाहा: छातीच्या उंचीपासून वर तारेचे गंजलेले वेढे, त्यात अडकलेल्या फ्लेक्सच्या फाटक्या पट्ट्या, एखाद्या लाकडी रिपेचा तुकडा. पावसात ओल्या खांबावर चढून तार आवळणाऱ्या पोराला दिवसाची मजुरी काय मिळत असेल, हा विचार भाऊंच्या फोटोखालचे बारा जण करत नसावेत. झाडांचंही तेच. कडुनिंबाला खिळे ठोकून लावलेले "नोकरी पाहिजे" आणि "केस गळती थांबवा" हे बोर्ड 1995 च्या कायद्यातल्या झाड या शब्दात थेट बसतात. शिवाय शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यासाठी महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं. झाडाचा खिळा दिसला तर उद्यान विभागालाही कळवता येतं.

रस्त्याच्या सुरक्षिततेबद्दल भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. चौक, पूल किंवा क्रॉसिंगपासून 100 मीटरच्या आत जाहिरात नको. शहरात हे अंतर 50 मीटरपर्यंत आणता येतं, तेही वाहनचालकाच्या नजरेआड काही येत नसेल तर. वाहतुकीच्या फलकाजवळ नको, त्याचा अर्थ झाकेल अशी नको. आता लॉ कॉलेज चौकात किंवा मेडिकल चौकात उभं राहून 50 मीटर पावलांनी मोजा. जे काही त्या वर्तुळात दिसेल त्यातलं किती उरेल, ते मी लिहिण्यापेक्षा तुम्हीच पाहिलेलं बरं. सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, 5000 रुपयांपर्यंत दंडाचा. फुटपाथवर रोवलेली स्वागत कमान त्यात येऊ शकते.

इथवर कागदाचं झालं. मोठ्या होर्डिंगचा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी थोडं गणित करायला हरकत नाही.

सपाट फलकावर वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आपल्या गल्लीतला साधा 10 बाय 8 फुटांचा फ्लेक्स घ्या. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर साधारण 45 किलो वजनाइतका जोर येतो. तोच वारा ताशी 72 किलोमीटर झाला, आणि विदर्भात एप्रिल-मेच्या वादळात तो होतो, की जोर जातो 180 किलोच्या आसपास. म्हणजे दोन बांबू, सुतळी आणि चार वेढे तार यांच्यावर दोन-अडीच माणसांचं वजन झोके घेतंय. फ्लेक्सला मधूनमधून अर्धगोल चिरे मारतात, वारा आरपार जावा म्हणून. थोडा जातोही, पण तेवढ्याने दाब फारसा उतरत नाही.

आता मोठं होर्डिंग, 40 बाय 20 फूट. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी जे भारतीय मानक आहे, त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. त्या वेगाला या होर्डिंगवर साडेआठ टनांहून जास्त जोर येतो. रोज असा वारा सुटत नाही, पण सांगाडा त्याच हिशेबाने बांधायचा असतो. होर्डिंगला संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र मागतात ते याचसाठी. सांगाड्याचा पाया, वेल्डिंग, गंजलेले बोल्ट, गच्चीचा स्लॅब हा जोर घेतो का, हे कुणीतरी पाहून सही करायची असते. ती सही न पाहता केलेली असेल तर तिला कागदाइतकीच किंमत.

13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली. ते होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40 ची. लांबी तिप्पट, रुंदी तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. ते रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर उभं होतं आणि महापालिकेने सांगितलं की आमची परवानगी नव्हती. एका चौकात चार मालक असण्याचा सगळ्यात महागडा परिणाम तो. त्याआधी ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्यात मंगळवार पेठेत रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग काढताना कोसळून चार जण, आणि एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडला किवळे इथे पाच जण मरण पावले. पुण्यातला अपघात तर होर्डिंग उतरवताना झाला. म्हणजे काढायलाही अभियंता लागतो, गॅस कटर घेऊन आलेला एकटा माणूस पुरत नाही.

धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्सच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी म्हणून एक वेगळी गोष्ट. जाहिरात एजन्सीचा माणूस सोसायटीकडे येतो, गच्चीवर होर्डिंग उभारू, वर्षाला इतकं भाडं देऊ, म्हणतो. रंगरंगोटीचा खर्च निघेल म्हणून सभेत हात वर होतात. सही करण्याआधी महापालिकेच्या परवानगीची प्रत बघा, तीवर क्रमांक आणि मुदत बघा, स्थैर्य प्रमाणपत्र कुणी दिलंय आणि केव्हा ते बघा, विम्याची पॉलिसी मागा. आणि करारात हेही लिहून घ्या की मुदत संपल्यावर लोखंडी सांगाडा कोण, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने उतरवणार. हे शेवटचं कुणी लिहीत नाही. मग एजन्सी बंद पडते, फ्लेक्स फाटून जातो आणि गंजता सांगाडा वर्षानुवर्षं डोक्यावर उभा राहतो. तो पडून कुणी दगावलं तर निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचं कलम, न्याय संहितेचं 106, पाच वर्षांपर्यंत कैदेचं आहे. पोलिसांच्या चौकशीत जागामालकाचं नाव सुटेल असं समजू नका.

पैशाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. "जीएसटी भरतो, मग पुन्हा महापालिकेला कशाला?" हा प्रश्न एजन्सीवालेही विचारतात. जाहिरातीवर कर लावण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे होता, तो 1 जुलै 2017 पासून जीएसटीत विरघळला, हे खरं. पण परवानगीचं शुल्क आणि महापालिकेच्या जागेचं भाडं हे कर नव्हेत. ते वेगळे भरायचे असतात.

सण आणि निवडणुका हा मोसमाचा भाग. तान्हा पोळा, मारबत, गणपती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, रामनवमीची शोभायात्रा, आणि डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन. अधिवेशनाच्या दिवसांत विमानतळापासून विधानभवनापर्यंत स्वागताची जी रांग लागते, तिला कुठलीही वेगळी सूट नाही. कायद्यात "शुभेच्छा" नावाचा अपवाद नाही, मान्यवर कितीही मोठे असोत. सणासाठी तात्पुरती परवानगी मात्र मिळते. झोन कार्यालयात अर्ज, जागा, आकार, दिवस, शुल्क, लागली तर वाहतूक पोलिसांची ना-हरकत. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावरच छापायची. मंडळाने एवढं केलं तर फ्लेक्स उतरवायला आलेल्या पथकाशी हुज्जत घालावी लागत नाही. मुदत संपल्यावर फ्लेक्स उतरवण्याची जबाबदारी लावणाऱ्याचीच, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हे काम करायला कुणी भेटत नाही, म्हणून ते आधीच कुणाच्या तरी नावावर टाकून ठेवावं.

निवडणुकीत नियम एकदम कडक होतात, आणि गंमत म्हणजे तेव्हा ते पाळलेही जातात. लोकसभा-विधानसभेची घोषणा झाली की अनधिकृत प्रचारसाहित्य सरकारी मालमत्तेवरून 24 तासांत, इतर सार्वजनिक जागांवरून 48 तासांत आणि खाजगी मालमत्तेवरून 72 तासांत काढायचं, असा आयोगाचा दंडक आहे. एरवी महिनोन्महिने न निघणारे फ्लेक्स तीन दिवसांत गायब होतात. मनुष्यबळ नाही, शिडी नाही, गाडी नाही, या सबबी ऐकताना हे लक्षात ठेवावं. प्रचाराच्या पत्रकांवर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-क नुसार बंधनकारक आहे. न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाच नियम बारा महिने, सगळ्या फ्लेक्सला लावला तर छापणाराच आधी परवानगी विचारील. "आपण तर छापून देतो जी, लावतात ते" हे फ्लेक्सवाल्याचं उत्तर तेवढ्याने बदलेल, असं मला वाटतं.

आता तुमच्या नजरेला एखादा बेकायदा फलक पडला तर करायचं काय?

तुमच्या स्वतःच्या भिंतीवर कुणी न विचारता पोस्टर चिकटवलं असेल तर फोटो काढून ठेवा आणि काढून टाका, भिंत तुमची आहे. सार्वजनिक जागेवरचा मात्र स्वतः ओढून काढायला जाऊ नका. एक तर खांबात वीज आहे, दुसरं म्हणजे ज्याचा फोटो त्यावर आहे त्याच्या माणसांशी रस्त्यात भांडण ओढवून घेण्यात काही अर्थ नाही, आणि तिसरं, तुम्ही पुरावाच नष्ट करता. फोटो काढताना दोन काढा: एक जवळून, नाव आणि फोटो वाचता येतील असा, दुसरा लांबून, मागचं दुकान किंवा चौकाची पाटी दिसेल असा. मोबाइलमध्ये ठिकाण आणि वेळ सुरू ठेवा. लांबचा फोटो नसला की "जागा सापडली नाही" म्हणून तक्रार बंद होते.

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. तुमच्या झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्या, प्रत सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयातल्या जाहिरात विभागाला. अर्जात दोन्ही कायद्यांची नावं लिहा, 1949 च्या कायद्याची कलमं 244 आणि 245, आणि 1995 चा विद्रूपीकरणाचा कायदा. मागणी "फलक काढावा" एवढीच न ठेवता "लाभार्थ्यांवर गुन्हा नोंदवावा" अशी लिहा. बहुतेक अर्ज पहिल्या मागणीवरच थांबतात, म्हणून पथकही तिथेच थांबतं. आवक क्रमांकाचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. रस्त्यावर झुकलेलं, वाऱ्यात हलणारं, तारांना टेकलेलं होर्डिंग असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी 112 ला फोन.

अर्जाचं काय झालं हे कळलं नाही तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात एवढंच विचारा: अमुक चौकातल्या अमुक फलकाचा परवानगी क्रमांक, तिची मुदत, भरलेलं शुल्क, स्थैर्य प्रमाणपत्राची तारीख आणि ते देणाऱ्या अभियंत्याचं नाव, आणि अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर केलेल्या कारवाईची प्रत. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. "अशी नोंद आढळून येत नाही" असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका, तो कागद जपून ठेवा. परवानगीची नोंद नाही असं महापालिकेनेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं असतं, आणि पोलिस ठाण्यात पुढची तक्रार देताना त्याहून चांगलं जोडपत्र मिळत नाही.